गिटारची घरघर

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू! माझं काही अडत नाही. पण निव्वळ एका घोट्याच्या जोरावर अख्खा हॉल शांत करणारा माणूस पृथ्वीतलावर एकच, आणि तो मी! काल बहिणीच्या नव्या जावईबापूंना सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

माझी पेडल स्टील गिटार म्हणजे चार पायांचं टेबलच. वर तारा, खाली पायाने दाबायची पेडलं, आणि डाव्या हातात तारांवरून फिरवायचा पोलादी दांडा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती स्पीकरला जोडली, तर तारांखालच्या, त्यांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपमधून घर्रर्र! जणू आत एखादे जाडजूड मामा जेवून आडवे झालेत.

धाकटी बहीण गाणारी. संसाराच्या रगाड्यातून कित्येक वर्षांनी स्टेजवर चाललेली. दारातूनच म्हणाली, "दादा, हे संध्याकाळपर्यंत थांबलं नाही तर मी तुझ्याशिवाय गाणार!"

"माझ्याशिवाय? अगं, तुला साथ कोण देणार?"

"देव देईल! निदान तो घोरत तरी नाही."

झालं! वायर बदलली. घर्रर्र! ट्यूबलाइट विझवली, फ्रिज बंद केला. घर्रर्र! खाली जाऊन दातांच्या डॉक्टरांना दाढ कोरायचं यंत्र बंद करायला लावलं. पेशंटने खुर्चीतून उठून मला मिठी मारली, पण गिटार घोरतच होती!

वैतागून तारांवर हात आपटला आणि एकदम चिडीचूप! हात उचलला की घर्रर्र, ठेवला की गप्प. बिघाड सापडला! तिला माझ्याशिवाय करमत नव्हतं.

संध्याकाळी हॉल खचाखच भरलेला. दोन गाण्यांच्या मध्येही हात उचलायची सोय नाही. नाक खाजायला लागलं. बहिणीला म्हटलं, "जरा खाजव ना!" तिने असं बघितलं की खाज आपोआप पळाली. मग युक्ती केली. एका उघड्या वायरचं एक टोक गिटारच्या लोखंडी अंगाला, दुसरं माझ्या घोट्याला! हात मोकळे, घरघर बंद!

पण तिचं शेवटचं गाणं आलं, अगदी हळुवार. आणि घरघर पुन्हा डोकावली! एक घोटा पुरेना. ड्रमवाल्याला म्हटलं, "धर माझा खांदा." जरा कमी झाली. त्याने पुढच्या रांगेतल्या आजोबांचा हात धरला, आजोबांनी आजींचा (आजी लाजल्या!), आणि बघता बघता पार बाल्कनीपर्यंत माणसाला माणूस जोडला गेला. अशी शांतता, की मुंगी शिंकली असती तर लोकांनी वळून पाहिलं असतं! बहीण गायली. काय गायली! आणि शेवटी एक टाळी नाही. वाजवणार कशी? प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या हातात!

एवढं ऐकून जावईबापूंचे डोळे पाणावले. तेवढ्यात बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"दादा, थापा पुरे! वीज गेली होती. लोक हात धरून अंधारात जिना उतरत होते, आणि चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून मी गात होते!"

"हो, पण घरघर थांबली होती की नाही?"