शाही आसन, अंदाजे १९१०

अमृतरावांनी तिसऱ्यांदा काचेला बोट लावलं, तेव्हा पहारेकरी भावसिंग स्टुलावरून उठला.

"काका, हात लावू नका. शाही वस्तू हाय."

"शाही कशाची? आमच्या घरची वाकळ हाय ही."

काचेच्या कपाटात एक नक्षीची खुर्ची होती. तिच्यावर वाकळ घडी घालून ठेवलेली, आणि पुढं पाटी: 'निजामकालीन शाही आसन, अंदाजे १९१०.'

वसमतच्या या सरकारी महालाचं संग्रहालय होऊन आठच दिवस झाले होते. त्याआधी इथं कचेरी होती. अमृतरावांची बायको सोजराबाई तीस वर्षं त्या कचेरीत पाणी भरायची. साहेबांच्या खुर्चीची वेताची बैठक फाटली आणि वर्षभर नवी खुर्ची आली नाही, तेव्हा तिनंच घरून वाकळ आणून घातली. पुढं कचेरी हलली. महालात सापडलं ते सगळं जुनंच, असं धरून ठेकेदाराच्या माणसांनी यादी केली आणि वाकळीवरही पांढऱ्या रंगानं नंबर घातला.

सोजराबाई मागच्या उन्हाळ्यात गेली. तिचे कपडे, अंथरूण-पांघरूण पाहुण्यांनी रीतीप्रमाणं वाटून टाकलं. अमृतराव वारंगा फाट्याला लेकाकडं राहायला गेले, ते रिकाम्या हातांनी. तिच्या हातचं काहीच उरलं नव्हतं.

भावसिंगनं संग्रहालयाच्या प्रमुख आकांक्षा मॅडमला बोलावून आणलं.

"कशावरून तुमची?" मॅडमनं विचारलं.

"हा पट्ट्यापट्ट्याचा तुकडा माझ्या चड्डीचा. निजाम माझी चड्डी घालून राहिला व्हता का?"

भावसिंग हसला. मॅडमनं पाहिलं, तसा स्टूल पुसू लागला.

"काका, यादीत नंबर पडला की वस्तू सरकारची. बाहेर काढायची तर ती निकामी ठरवावी लागते."

"सोजराचा टाका निकामी? एक तरी उसवून दाखवा."

"मग नाही देता येत."

"मग मी बी न्हाई उठत." अमृतरावांनी कपाटापुढं मांडी घातली.

अर्ध्या तासात मोठे साहेब पाहणीला येणार होते. ते नुकतेच बदलून आलेले, मुलखाला नवे. भावसिंगनं अमृतरावांच्या बगलेत हात घालून पाहिला, म्हातारा हलेना. सहलीच्या पोरांनी त्यांचेही फोटो काढले. एक बाई जवळ येऊन निरखत म्हणाली, "मेणाचा हाय का हो?"

"न्हाई बाई, वारंग्याचा हाय," अमृतराव म्हणाले. बाई किंचाळून मागं सरकली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मॅडमनं घाईघाईनं कपाट उघडलं.

"घ्या, न्या. मागच्या दारानं जा. चोरीला गेली म्हणून लिहीन मी."

अमृतरावांनी वाकळीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग हात काढून घेतला.

"मागच्या दारानं? तीस वर्षं ती मागच्याच दारानं आली-गेली. अन् आता चोरी? न्हाई. ऱ्हाऊ द्या हितंच. पाटी बदला."

"आत्ता? साहेब पायऱ्या चढताहेत!"

"मंग लवकर लिव्हा."

मॅडमनं वहीचा कागद फाडला, 'वाकळ. शिवणारी: सोजराबाई' एवढं लिहून पाटीवर चिकटवला आणि कपाट लावलं. पुढचं लिहायला वेळच नव्हता.

साहेब आले. त्यांनी कागद वाचला, वाकून टाके पाहिले.

"वा! फार बारीक काम. सोजराबाई म्हणजे कुणाच्या राणीसाहेब?"

मॅडमनं भावसिंगकडं पाहिलं. भावसिंगनं छताकडं.

अमृतराव गुडघ्यावर हात टेकून उठले आणि साहेबांच्या पुढ्यात ताठ उभे राहिले.

"माझ्या," ते म्हणाले.