सादबाचा बदली माणूस

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात, मार्गशीर्ष लागला त्या आठवड्यात, आमच्या हाकेच्या कड्यावरच्या पडसादाने धंदा बदलायचं ठरवलं आणि पुण्याच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात अर्ज केला.

हाकेचा कडा वाघेरीला आहे. वाघेरी थंड हवेचं गाव. पर्यटक कठड्याशी उभे राहून दरीत हाक मारतात, समोरचा कडा ती परत देतो. परत देणाऱ्याला आम्ही सादबा म्हणतो. माझ्या आजोबांनी पाहिला तेव्हाही तो म्हाताराच होता. त्याने कधी हाक चुकवली नाही, सुट्टी घेतली नाही. दिलेलं तेवढं परत द्यायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा त्याचा नियम.

मी कोंडीबा ढेबे. शाळा चौथीपर्यंत. जन्मभर पर्यटकांना घोड्यावर बसवून पॉइंट दाखवले. लहानपणी या कड्यावर म्हशी चारताना धुकं आलं. पाऊल चुकलं की दरी, अशी ती जागा. मी ओरडलो, "कुणी आहे का?" नियमाने त्याने तेच परत द्यायचं. त्याने नुसतं "आहे" दिलं. त्याचा आवाज दरीपलीकडून येतो, म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली आणि चालू लागलो. थांबलो की विचारायचो. तो "आहे" म्हणायचा. असा घरी पोचलो. ते ऋण माझ्यावर होतं.

तर मार्गशीर्षात एका सकाळी मी कठड्याशी घोड्याला पाणी पाजत होतो. दरीतून आवाज आला, "मला. मॅनेजमेंट. शिकायचं."

सादबाकडे स्वतःचे शब्द नाहीत. लोक जे ओरडून जातात त्यातले निवडून तो जोडतो, ज्याचे त्याच्या आवाजात. "मला" कुणा नव्या नवरीचं होतं. "मॅनेजमेंट" दिवाळीत आलेल्या एका कंपनीच्या साहेबाचं. "शिकायचं" सहलीच्या मास्तरांचं, चिडलेलं.

"या वयात?" मी हाक दिली.

"या वयात," तो म्हणाला. त्याने प्रश्न गाळला होता, धुक्यात गाळला तसाच. मी ओळखलं, गडी ठाम आहे.

चहावाली शेवंता हसली. "मामा, त्याला कोण घेणार? माझा भाचा पदवी घेऊन इथे कपबश्या विसळतोय."

"तुझा भाचा समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतो का?"

"तो कशाला थांबतोय."

"हा थांबतो."

अर्जात स्वतःबद्दल लिहायचं होतं. तो सांगेल ते शेवंताचा भाचा लिहून घेणार होता, पण सादबाकडे माणसांची नावं ढीगभर, "मोरया" हवं तेवढं, आणि कामाचे शब्द थोडे. म्हणून मी रोज सकाळी कठड्याशी उभा राहून एकेक शब्द ओरडलो. उद्दिष्ट. अनुभव. नेतृत्व.

"मामा, नेतृत्व जरा हळू," शेवंता म्हणाली. "घोडा बुजतोय."

नगरपालिकेचा अनुभवाचा दाखला लागत होता. पर्यटनाचं काम जंगमबाई बघायच्या. सरळ बाई, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. धुक्यात पडसादाकडे पाठ करून चालावे, ही कठड्यावरची पाटी त्यांनीच लावलेली.

"दाखला देते," त्या म्हणाल्या. "कामात खोट काढायला जागा नाही. पण प्रवेश मिळाला तर सोडणार कसं? लोक हाक मारायला येतात. उत्तर कोण देणार?"

"मी देतो."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"पगार मिळायचा नाही ढेबेमामा. त्या पदाला पगारच नाही."

"त्यालाही नव्हता," मी म्हणालो.

मुलाखतीचं बोलावणं आलं. पडसाद न्यायला तांब्याचा हंडा लागतो. तोंडाला ओलं फडकं बांधायचं, म्हणजे वाटेत सांडत नाही. एसटीत कंडक्टरने हंड्यावर टकटक केलं. आतून टकटक आलं. त्याने दोन तिकिटं फाडली.

कॉलेजात मुलाखत घ्यायला इनामदारबाई आणि त्यांचे एक सहकारी बसले होते. मी हंडा टेबलावर ठेवून फडकं सोडलं. बाई म्हणाल्या, "आपण सोबत थांबू शकता. उमेदवाराला मदत केलीत तर मुलाखत रद्द होईल."

सादबा चांगला बोलला. कधी नवरीच्या आवाजात, कधी मास्तरांच्या, बराचसा माझ्या. एवढं वय झाल्यावर शिक्षण कशाला, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, "सगळ्यांचं ऐकलं. आता चालवायचं." बाईंनी मान डोलावली. सहकारी म्हणाले, "पहिलाच उमेदवार, ज्याने मला वाक्य पुरं करू दिलं."

मग त्यांनी विचारलं, "उद्या मालकाने खोटा हिशेब दाखवायला सांगितला, तर दाखवाल?"

"दाखवाल," सादबा म्हणाला. बोलला आणि थबकला. हंड्यात घुमत राहिलं.

चूक माझी होती. मी त्याला अर्जातला शब्द न् शब्द दिला, पण एक शब्द राहिला होता. कड्यावर येऊन माणूस नावं घेतो, देव घेतो, प्रेम सांगतो. नकार द्यायला तिथे कुणी येत नाही. तो शब्द त्याच्याकडे नव्हताच.

"पुन्हा विचारतो," सहकारी म्हणाले. "दाखवाल?"

हंडा थरथरू लागला. टेबलावरची पेन्सिल सरकली. तो शोधत होता. इतक्या वर्षांच्या हाका धुंडाळत होता. मी खुर्चीतून अर्धा उठलो.

इनामदारबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मामा, आपण त्यांना मदत करणार आहात का?"

"नाही," मी म्हणालो. घोडेवाल्याचा आवाज आहे. खिडकीची तावदानं वाजली.

मग हंड्यातून माझ्या आवाजात, पण माझ्यापेक्षा सावकाश, आलं, "नाही."

सहकाऱ्यांनी चष्मा काढला. "ही मदत धरायची का?"

"आपण विचारलं, ते नाही म्हणाले," इनामदारबाई म्हणाल्या. "नाही म्हटल्यावर मदत कशी धरणार?"

त्यांनी तसंच लिहिलं. सादबाला प्रवेश मिळाला. हंडा मी वसतिगृहात त्याच्या खोलीवर ठेवला आणि रिकाम्या हातांनी गावी आलो. तो दोन्ही वर्षं वर्गात पहिल्या बाकावर बसला, असं ऐकलं. मला नवल वाटलं नाही.

मी समोरच्या कड्याच्या कपारीत बसू लागलो. काम दिसतं तितकं सोपं नाही. शेवटचे दोन शब्द द्यायचे, थोडं थांबून, आवाज उतरवत. पहिल्या महिन्यात तक्रार गेली, की पडसाद खोकतो. मी विडी सोडली.

दुसऱ्या वर्षी श्रावणात जंगमबाई माझं काम तपासायला आल्या. त्या कठड्यापलीकडे उतरल्या आणि धुकं आलं. मला माझा हात दिसत नव्हता. खाली दगड सुटल्याचं ऐकू आलं. मग बाईंचा आवाज आला, बारीक.

"कुणी आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

त्यांना पाटी आठवली असावी. पुढची हाक थोडी लांबून आली, त्यापुढची आणखी लांबून. दर वेळी मी तेवढंच म्हणालो. शेवटी कठड्याचं लोखंड वाजलं, आणि शेवंता बाईंना चहा देताना ऐकू आली.

ऋण फिटलं.