बेगमचा कोरा चहा

"आजपासून या घरातल्या चहात दुधाचा थेंब पडणार नाही!" सत्तारनं भर अंगणात जाहीर केलं आणि त्याच दमात म्हैस विकायला काढली.

लढाई नुकतीच संपली होती. नगरच्या कॅम्पातले गोरे साहेब पेट्या बांधून विलायतेला निघाले होते आणि त्यांच्या मेसमधला खानसामा सत्तार वळकटी बांधून नेवाशाला घरी आला होता. मेसमधल्या बाकीच्या नोकरांनी येताना काटेचमचे आणले, घोंगड्या आणल्या. सत्तारनं आणले पत्र्याचे तीन डबे. मोठ्या साहेबानं जाता जाता दिलेले. तिन्हींत चिनी चहा! डब्यांबरोबर आणखी एक वस्तू त्यानं आणली होती, ती म्हणजे जीभ. "चहा पारखावा तर या जिभेनं," असं म्हणून तो ती बाहेर काढून दाखवायचा. "नगरपासून पैठणपर्यंत अशी जीभ सापडायची नाही!"

"हाय की," त्याची बायको सरवरी म्हणायची. "बेगमची. तुमच्यापरीस हातभर लांब हाय."

बेगम म्हणजे म्हैस. सरवरीच्या बापानं लग्नात आंदण दिलेली पारडी. सत्तार नगरला साहेबांची अंडी उकडत होता, तेव्हा सरवरीनं आपली सगळी गाऱ्हाणी सांगितली ती बेगमच्या कानात. गल्लीत कुणी बाळंत झालं की पहिला तांब्या बेगमच्या दुधाचा जायचा. सरवरीला चार बायकांत मान होता तो त्या तांब्यामुळं, खानसाम्याची बायको म्हणून नव्हे!

पण सत्तार मेसमधले शिष्टाचारही बरोबर घेऊन आला होता. तो बायकोलासुद्धा 'बेगम' म्हणू लागला. त्यानं हाक मारली की दोघी वळून बघायच्या. म्हैस आधी.

पहिल्याच दिवशी त्यानं तिन्ही डबे ओट्यावर मांडले.

"हा किमून. गुलाबाचा वास आणि मागून मधाची चव. हा युन्नान. हुंगून बघ, भाजलेलं रताळं आठवतं की नाही? आणि हा सगळ्यांचा बादशहा, लापसांग!"

"लापशी?"

"लापसांग! चीनमध्ये लाकडाच्या धुरावर वाळवतात हा!"

सरवरीनं नाक डब्यात घातलं आणि झटकन बाहेर काढलं. "त्यात काय एवढं? पावसाळ्यात माझं लुगडं बी धुरावरच वाळतंय!"

सत्तारनं कपाळाला हात लावला. मग नियम सांगितले. पाणी उकळलं की भांडं उतरवायचं, पत्ती टाकून झाकण ठेवायचं. पुन्हा उकळायचं नाही. गूळ नाही, साखर नाही, दूध तर नाहीच नाही! बशीत ओतायचा नाही, फुर्रर्र असा आवाज करायचा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तो तिला समोर बसवून एक एक कप पाजायचा. ती बिचारी एरंडेल घ्यावं तशी डोळे मिटून गिळायची.

"आता मला सांग," तो म्हणाला, "कोरा चहा पिणाऱ्या घरात म्हैस हवी कशाला? म्हैस विकू आणि पेठेत चायना टी रूम काढू!"

"नेवाशात कोरा चहा कोन पितं वो? मयताच्या घरी बी लोक दूध मागत्यात!"

"सवय लावू!"

"बेगम जानार न्हाई. माझ्या बापानं दिलेली हाय."

"जाणार! गिऱ्हाईक ठरलंय. पारनेरकडचा भिमाजी उद्या येतोय. तू आतच बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि दुधाचं भांडं बाहेर दिसता कामा नये. पाहुण्याला मी लापसांग पाजणार आहे!"

त्या संध्याकाळी सरवरी गोठ्यात बेगमच्या गळ्यात पडून रडली. पण सकाळी उठून तिला घासून धुतलं, शिंगांना तेल लावलं. जायची तर जाऊ दे, पण माहेरची लेक ओशाळवाणी दिसायला नको!

दुपारी भिमाजी आला. म्हशीची शेपटी बघून तिची आजी सांगणारा माणूस! बेगमला बघून त्याचे डोळेच लकाकले.

"नाव काय हिचं?"

"बेगम."

"नावापरमानं हाय! येळेला धार काढून बघतो, मग बोलू."

"धार होईल हो सावकाश. आधी चहा!"

लिंबाखाली बाज टाकलेली होती. सरवरी आत गोणपाटाच्या पडद्यामागं बसली. मांडीजवळ सकाळच्या दुधाचं पातेलं, वर बोटभर साय.

भिमाजीनं कपात पाहिलं. कपाचा तळ दिसत होता.

"सत्तारभाई, दूध ऱ्हायलं जनू."

"राहिलं नाही. घालायचंच नसतं!"

"न्हाई, म्हंजे... दारात म्हैस हाय नव्हं?"

"आहे की! म्हणून काय झालं? या घरात आता दुधाचा थेंब सापडायचा नाही तुम्हाला!"

भिमाजीनं चहाकडं पाहिलं, मग म्हशीकडं पाहिलं, मग पुन्हा चहाकडं. भीत भीत एक घोट घेतला आणि तिथंच थबकला. त्या काळी आमच्याकडं जनावर आजारी पडलं की गोठा बंद करून त्याला धुरी द्यायचे.

"ह्याला धुरीचा वास येतुया," तो म्हणाला.

"वा! काय नाक आहे!" सत्तार मांडीवर थाप मारून म्हणाला. "धुरी दिलेलीच आहे! चांगली भरपूर!"

"कवापासनं?"

"मी नगरहून आलोय तेव्हापासून घरात हाच वास! नाही आवडला? मग दुसरा देतो. हा युन्नान."

"युनानी?"

"युन्नान म्हणा, युनानी म्हणा! अंगात कशी ऊब येते बघा!"

भिमाजीनं कप खाली ठेवला. आवाज एकदम खाली आणला. "सत्तारभाई, खरं सांगा. ह्यो काढा बेगम पिती?"

"बेगम?" सत्तारची छाती फुगली. "रोज दोन वेळा! आधी तोंड फिरवायची. मी समोर उभा राहून पाजला. आता डोळे मिटून गपगुमान पिते!"

पडद्यामागं सरवरीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. एक शब्द बोलली असती आणि एक कप दूध बाहेर नेऊन ठेवलं असतं, तर सौदा जागच्या जागी झाला असता. पण नवऱ्याचा हुकूम! लग्नापासून तिनं नवऱ्याचा हुकूम इतक्या मनापासून कधी पाळला नव्हता.

"नळकांड्यानं पाजता का?" भिमाजीनं विचारलं. गुरांना औषध पाजायचं ते बांबूच्या नळकांड्यानंच.

"नळकांड्यानं?" सत्तारला भारीच राग आला. "मेसमधला माणूस आहे मी! कपानं!"

भिमाजी ताडकन उठला. "दूध न्हाई, धुरी झाली, युनानी चालू हाय, आन म्हैस कपानं पिती! रामराम!"

"अहो, धार तरी काढून बघा!"

"येवढा काढा पाजल्यावर आज दगड बी दूध दिल! उद्या काय?" असं म्हणत तो चपला हातात घेऊनच वेशीकडं सुटला.

सत्तार दोन्ही कप घेऊन उभाच. "याला झालं तरी काय?"

"जीभ न्हाई त्याला," सरवरी आतून म्हणाली. "तुमच्यावानी."

आठवड्याचा बाजार भरला तोवर सत्तारच्या आजारी म्हशीची बातमी तालुकाभर झाली होती. गिऱ्हाईक सोडा, गुराख्यांनीही बेगमला कळपापासून लांब उभं करायला सुरुवात केली. टी रूमचं नाव सत्तार काढेनासा झाला.

आणि एक दिवस शेजारची साळूबाई वाडगा घेऊन दारात आली.

"भाबी, तुमची म्हैस येवढी दुखनाईत म्हनत्यात, पर अंग बघ कसं तुकतुकीत! त्यो चिनी काढा मला बी दे की वाडगाभर. आमच्या बैलाचं पोट फुगलंय."

"चहा आहे तो!" सत्तार ओरडला. "माणसांनी प्यायचा!"

"मग तुमी प्या की दादा. तुमाला कुनी न्हाई म्हनलंय?"

बैलाला काढा गेला. बैल संध्याकाळपर्यंत बरा झाला. तो तसाही झाला असता, पण हे सांगायचं कुणी? दुसऱ्या दिवशी अंगणात वाडगे, तांबे, चंबू घेऊन रांग लागली. सरवरी काढा वाटू लागली, सत्तार पाठ फिरवून बसला. पण रांगेतला एक जण म्हणाला, "मघाशी नेलेला धुराचा काढा आमच्या गाईनं थुंकला हो."

सत्तारचे कान टवकारले. तो सावकाश वळला.

"लापसांग नाही आवडला? गाय कशी आहे? नाजूक?"

"व्हय. लई."

"मग तिला किमून द्या! गुलाबाचा वास आहे. आणि ऐका, उकळायचा नाही. झाकून ठेवायचा. दूध अजिबात घालायचं नाही!"

"गुरांच्या काढ्यात दूध कोन घालंल वो?"

सत्तारच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या दिवसांत त्याचं म्हणणं पहिल्यांदाच कुणाला पटलं होतं! मग तो हौसेनं निवडून देऊ लागला. कामाच्या बैलाला युन्नान, मारक्या रेड्याला लापसांग, वासरांना किमूनचं दुसरं पाणी. नेवाशात चिनी चहा कोरा पिणारे रसिक निघाले, फक्त त्यांना पाय चार चार होते.

हां हां म्हणता तिन्ही डब्यांचे तळ दिसले. त्या दिवशी कातरवेळी सत्तार चुलीपाशी येऊन बसला. रिकामा लापसांग हुंगला, खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "बेगम, चहा टाक जरा. आणि दूध... सढळ हातानं घाल."

सरवरी हसली, पण तिला ओ द्यायची संधीच मिळाली नाही. गोठ्यातून ओ आधीच आली होती.