कोंडाआत्याच्या तीन शाळा

कोंडाआत्या माझ्या वर्गात शिरली आणि पुढच्याच पोराची हनुवटी धरून तिने त्याचे दात पाहिले. मग नखं. मग डोळ्याखालची कातडी ओढून आतली लाली. मी हातात खडू धरून तसाच उभा.

"गोठा काय बघायचा, गुरुजी," ती म्हणाली, "जित्राब बघावं."

आत्याचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की लेक आणि सून कळप घेऊन बाहेर पडायचे, आणि आत्या त्यांच्याबरोबर असायचीच. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. ती मागं राहिली आणि सहा वर्षांच्या नातीला, भागीलाही ठेवून घेतलं. आता भागीला पहिलीत घालायचं होतं. पेडगावच्या अंगाला आमच्या भागात तीन सरकारी प्राथमिक शाळा, आणि आत्याला तिन्ही पारखून घ्यायच्या होत्या.

माझी शाळा तिन्हींत लहान. दोन खोल्या, पोरं नऊ. पट दहाच्या खाली राहिला तर शाळा बंद होणार, अशी कुजबुज होती. त्यामुळे ही म्हातारी दिसली की मी हातातलं काम टाकून पुढं व्हायचो.

ती रोज एका शाळेत जायची आणि परतताना आमच्या ओट्यावर टेकून बाकीच्या दोन शाळांचं कौतुक ऐकवायची. एकीत भिंतीएवढा टीव्ही, दुसरीत खिचडीत वाटाणा. "पोरं लय बेस हायती तिथली, अंगानं भरलेली." मी विचारायचो, मग कुठं ठरलं? ती म्हणायची, "अजून न्हाई, गुरुजी. बघायलेय."

दोन आठवडे असे गेले. शेवटी मी नेलकटर आणलं. प्रार्थना झाली की नऊही जणांची नखं तपासायचो, दात घासून आलात का विचारायचो. पोरं घरी सांगायला लागली की गुरुजींना काहीतरी झालंय.

एका दुपारी ती भागीला घेऊनच आली. दोन्ही शाळांत जाऊन आली होती. तिथं तिने काहीतरी विचारलं होतं आणि दोन्हीकडं नाही म्हणाले होते, नियमाप्रमाणे बरोबरच. मी काय ते विचारलं. तिने आधी भागीला हातपंपावर पाणी प्यायला धाडलं.

"म्या बी संगं बसले तर चालंल का?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पोरगी कुठंबी रमंल, गुरुजी. मीच रमंना. सारा जलम शंभर जिवांत गेला. आता घरात भांडं पडलं तरी छातीत धस्स होतंय."

इतके दिवस मी पोरांची नखं कापत बसलो होतो.

बसा म्हणालो. ओट्यावर नको, आतच बसा. तिने मान हलवली, पदराने तोंड पुसलं. मी हजेरीत भागीचं नाव लिहिलं तेव्हा ती अक्षरांकडं नाही, दाराकडं बघत होती.

"शाळा किती वाजता उघडता?"

"दहाला."

"नवाला आलं तर?"

मी रोज नऊलाच येतो, असं मी सांगून टाकलं. तोवर ते खोटं होतं. दुसऱ्या दिवशीपासून मी परभणीहून आधीची गाडी धरायला लागलो.