अरेलियासाठी स्थळ

मल्लाप्पांना अरेलियाची कुंडी कुणाला द्यायची असली, की ते आधी त्या माणसाचं घर बघायला जायचे. तेही एकदा नव्हे. सकाळी, दुपारी आणि सांजवेळी. प्रत्येक वेळी चहा घ्यायचे आणि खिडकीकडं बघत गप्प बसायचे. एका घरी गैरसमज झाला. मुलगी बघायला आलेत असं वाटून तिथल्या आईनं लेकीला साडी नेसवून पोहे घेऊन बाहेर पाठवलं. अप्पांनी पोहे खाल्ले, "झ्याक झाल्यात," म्हणाले आणि उठता उठता सांगितलं, "पर हितं ऊन थेट येतंय. जमायचं न्हाय." त्या घरानं पुढं त्यांच्या दुकानातून साधा खिळाही घेतला नाही.

अप्पांचं शाहूपुरीत खिळे, बिजागऱ्या, कड्याकोयंड्यांचं दुकान होतं आणि मागं घर. घरात ते एकटेच. दिवसभर लोखंड विकणारा हा माणूस संध्याकाळी ओलं फडकं घेऊन अरेलियाची पानं पुसत बसायचा. व्हरांड्यात, जिन्याखाली, देवघराच्या दारात, सगळीकडं अरेलिया. काहींची पानं जाळीच्या लेससारखी, काहींची गोल, कडेला पांढरी. गुलाबाचं नाव काढलं की म्हणायचे, "त्यो बाजारी. हिला बघा, फूल न्हाय, वास न्हाय, तरी घर कसं भरल्यागत वाटतंय!"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी त्यांच्या माडीवर दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो. चंदगड तालुक्यातला मी, घराण्यातला पहिला पदवीधर. कोल्हापुरात नोकरी लागली, डोक्यावर छप्पर मिळालं, याचंच मला अप्रूप होतं. पण माझ्या बायकोला, नंदाला, करमेना. माहेरी दार उघडलं की समोर काजूचं रान. इथं खिडकी उघडली की पत्र्याचं शेड. तिला घरात एक तरी हिरवं झाड हवं होतं. मी अप्पांना विचारलं, तर म्हणाले, "घर बघायला येतो."

"अप्पा, खोल्या तुमच्याच आहेत की."

"माणसांसाठी बांधल्यात. झाडासाठी कुठं बघितल्या हुत्या?"

आले. तीनदा आले. मग प्रश्न सुरू झाले.

"पाणी कोण घालणार?"

"दोघंही घालू," मी उत्साहानं म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या. दोघांनी माया केली की मुळं कुजत्यात. एकानंच घालायचं. ते बी बोट खुपसून बघायचं, वरची माती वाळली असली तरच."

"मी घालीन," नंदा म्हणाली.

"आन् ग्रॅज्युएट काय करणार?"

"मी नुसतं बघीन."

"हात मागं बांधून बघायचं."

कुंडी आली. अप्पांनी खिडकीपासून हातभर आत तिची जागा ठरवली आणि हलवायची नाही, अशी ताकीद दिली. आठवड्याच्या आत पानं गळायला लागली. रोज सकाळी फरशीवर पिवळी पानं. नंदा रडकुंडीला आली. "माझ्या हातानं मरणार हो ही," असं सारखं म्हणायची.

अप्पा मात्र शांत. "जागा बदलली की अरेलिया रुसतीच. पानं टाकती. पाणी वाढवायचं न्हाय, खत न्हाय. रमंल."

पण रोज दुकान बंद केलं की ते माडी चढून यायचे. दांडा नखानं किंचित खरवडून आतला हिरवा रंग बघायचे, माती चाचपायचे, पानं उलटी करून कीड शोधायचे. झाड जवळजवळ बोडकं झालं, तरी फेरी चुकेना. एकदा नंदानं विचारलंच, "अप्पा, आपोआप रमणार म्हणता, मग रोज कशाला जिना चढता?"

अप्पा कुंडीजवळच खाली बसले.

"माझी लेक गंगव्वा गोकाककडं दिलीया. लगीन झाल्यावर फोन केलता तिनं. म्हणाली, अप्पा, हितं जमंना मला. मी म्हटलं, नवी जागा हाय, रमशील. परत काय तिनं तक्रार केली न्हाय. मी समजलो, रमली."

"तुम्ही जाऊन आलाच असाल की."

"सणावाराला गेलतो की. घर माणसांनी भरलेलं. ती वाढत हुती, मी जेवत हुतो. बोलणं कुठलं?"

मला अपेक्षित नव्हतं इतक्या सरळ नंदा म्हणाली, "मग उद्या जा. सण नसताना जा. जेवू नका, नुसते बसा तिच्याजवळ."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. बाजारपेठेत अप्पा आजारी पडल्याची बातमी पसरली, कारण दुसरं कारण कुणाला सुचेना. आमच्या अरेलियाला तोवर एक हिरवा कोंब फुटला होता, पण तो बघायला अप्पा नव्हते.

आठवड्यानं ते परतले. बरोबर गंगव्वा होती, हातात मोठी बॅग. किती दिवसांसाठी, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पहिले दोन दिवस खालून बोलण्याचा आवाजच येईना.

मग एका सकाळी कानडीत मोठा कालवा सुरू झाला. मला कानडी थोडीफार समजते. गंगव्वा वडिलांना झापत होती. डब्यांना झाकणं नाहीत, डाळीत किडे झालेत, आणि हा माणूस पानं पुसत बसतोय! अप्पांचा एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा आवाज मधूनच बारीक यायचा, "आतव्वा, आतु." म्हणजे बरं बाई, बरं.

मी घाईनं जिना उतरायला लागलो. म्हटलं, मध्ये पडावं. नंदानं माझा शर्ट मागून धरला.

"थांबा हो," ती म्हणाली. "पोटभर भांडू द्या तिला."