अळू, ससा आणि घमेलं

"पाण्याला आलेल्याला हाकलायचं नाही हं, सुलक्षणा," असं आई सांगायची. पण पाण्याला आलेला नळीच कुरतडू लागला तर काय करायचं, ते तिने सांगितलं नव्हतं.

दुबईजवळच्या अजमान शहराबाहेर भाड्याने घेतलेल्या मळ्यावर सुलक्षणाबाईंनी जाळीखाली अळू लावलं होतं. माघी गणपतीला हातच्या अळूच्याच वड्यांचा नैवेद्य, असा त्यांचा संकल्प. आणि रोज सकाळी ठिबकच्या नळीला नवं भोक! वाफा कोरडा, तळं भलतीकडेच.

"पिंजरा आणतो. खलास!" चंद्रहासराव म्हणाले.

"अहो, आधी कोण येतंय ते तरी बघू."

लेकीने, केयाने, कॅमेरा लावला. "ममा, इट्स अ हेअर! सो क्यूट!"

लांब कानांचा ससा नळी दातांत धरून निवांत पाणी पीत होता, नारळाला स्ट्रॉ लावल्यासारखा.

"तहानलाय हो तो."

"मग काय, फिल्टरचं देऊ त्याला?"

सुलक्षणाबाईंनी कुंपणापाशी घमेलं भरून ठेवलं. नळी वाचली. पण सशाने बातमी फोडली असावी. पुढच्या चित्रणात तितरांची जोडी होती, काटेरी चेंडूसारखं काहीतरी होतं आणि मागोमाग शेजारच्या बकऱ्या. त्यांचा राखणदार खैरुद्दीन तक्रार घेऊनच आला. "भाभीजी, मेरी बकरियाँ अब मेरे हाथ का पानी नहीं पीतीं!"

गणपतीच्या आदल्या दिवशी उंट आला. त्याने घमेलं एका दमात संपवलं, जाळी फाडली आणि मान आत घातली.

"गेला तुझा नैवेद्य!" शहरातल्या फ्लॅटमध्ये फोनवर कॅमेऱ्याचं चित्र बघत चंद्रहासराव ओरडले.

सुलक्षणाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. उघडले, तर उंट तोंड वेडंवाकडं करत, जीभ बाहेर काढून मागे सरकत होता.

"घसा खवखवला बिचाऱ्याचा," त्या हळूच म्हणाल्या. "कच्चं अळू ना! वड्यांपुरती पानं उरलीत."

"बरं झालं. चिंच जास्त घाल."

"त्याला पाणी मिळालं नाही हो पुरेसं. उद्या मला सोवळं सोडून जाता यायचं नाही..."

"मी भरीन घमेलं. प्रॉमिस. पण खैरुद्दीनला सांगू नकोस, हसेल."

पहाटे सुलक्षणाबाई संध्याकाळी खुडून आणलेल्या पानांच्या वड्या वळत होत्या. दार हलकेच वाजलं. चपला हातात घेऊन चंद्रहासराव लिफ्टकडे निघाले होते. काखेत घमेलं नव्हतं, केयाचा लहानपणचा बाथटब होता.