छतावरची ओल आणि मुअल्लिम फर्गली

एका शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता मी ठरवलं, की वर जाऊन भाडेकरूशी दोन शब्द बोलून यायचं. खरोखर दोनच शब्द होते: 'पाणी गळतंय.' बावीस वर्षं सरकारी कचेरीत कागदांवर शिक्के मारलेल्या माणसाला एवढं जमायला हरकत नव्हती.

घर माझं. म्हणजे आईच्या पश्चात माझ्या नावावर झालेलं. अलेक्झांड्रियात, अन्फूशीला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज खाल्लेलं दुमजली घर. खाली मी आणि माझी बायको इन्तिसार. वर भाडेकरू, मुअल्लिम फर्गली आणि त्यांची बायको बदरिया.

फर्गलींनी जन्मभर मासळीबाजारात लिलाव पुकारला. (निवृत्त झाले ते स्वतः, आवाज अजून नोकरीवर आहे.) ते वर जेवताना मीठ मागतात तेव्हा खाली आमच्या कपाटातले पेले किणकिणतात. दारातून आत येताना वाकावं लागतं एवढी उंची, मनगट माझ्या पोटरीएवढं, आणि कमरेला मासे साफ करायची सुरी. त्यांच्या धंद्यातली माणसं त्यांना आदराने मुअल्लिम म्हणतात. मीही म्हणतो, पण माझं कारण वेगळं आहे.

तर आमच्या झोपायच्या खोलीच्या छताला ओल आली होती. आधी बशीएवढी होती, मग ताटाएवढी झाली, आणि त्या शुक्रवारी ती परातीएवढी होऊन बरोबर पलंगाच्या वर आली. रात्री मी तिच्याकडे बघत पडायचो आणि सकाळी न झोपता उठायचो.

मी वर गेलो. दार उघडलं आणि जिन्यातला उजेड गेला, कारण दारात फर्गली उभे होते.

"बोला, उस्ताद वग्दी." (शिकलेल्या, कचेरीतल्या माणसाला आमच्याकडे उस्ताद म्हणतात.)

"मुअल्लिम, ते जरा पाणी..."

"पाणी? बदरिया, उस्तादांना पाणी आण."

बदरियाने पाणी आणलं. मी प्यालो. फर्गली माझ्याकडे बघत होते, म्हणून आणखी एक पेला प्यालो.

"आणखी काही, उस्ताद?"

"नाही, नाही. तहानच फार लागली होती."

खाली आलो तर इन्तिसार पोळपाट पुसत उभी होती. "काय म्हणाले?"

"पाणी दिलं," मी म्हणालो.

इन्तिसारने पोळपाट भिंतीशी आपटून उभा केला. तो आवाज मी ओळखतो.

मग मी लेखी मार्ग धरला. कागदावर माझा हात चांगला चालतो. कलम एक, न्हाणीघरातल्या गळतीची तात्काळ दखल घ्यावी. कलम दोन, अन्यथा करार रद्द करण्यात येईल. खाली सही आणि तारीख. हा कागद दाराखालून सरकवून पळायचा बेत होता. पण मी वाकलो आणि त्याच क्षणी दार उघडलं. माझ्या नाकासमोर ती सुरी.

"काय पडलं का, उस्ताद?"

"कागद," मी म्हणालो. "तुमच्यासाठीच."

"चष्मा सापडत नाहीये. तुम्हीच वाचून दाखवा की."

मी वाचायला सुरुवात केली. डोळ्यांसमोर 'अन्यथा करार रद्द' होतं आणि तोंडातून येत होतं, "आपल्यासारखे शेजारी लाभल्याबद्दल आम्ही उभयता आपले आभारी आहोत." फर्गलींचे डोळे पाणावले. त्यांनी मला मिठी मारली. ती सुटल्यावर माझी एक बरगडी दोन दिवस ठणकत होती. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. (चष्मा सापडला तर काय, या विचाराने मी पुढचे चार दिवस मागच्या दाराने घरात येत होतो.)

प्लंबर हाजी सब्रीला बोलावलं. तो छत बघून म्हणाला, "वरून बघावं लागेल. वर कोण राहतं?"

"मुअल्लिम फर्गली."

त्याने पाना पिशवीत परत ठेवला. "उस्ताद, मला अजून दोन मुलींची लग्नं करायची आहेत."

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण मंगळवारी सकाळी इन्तिसार पलंगावरून उठून खिडकी उघडायला गेली आणि तिच्या पाठीमागे धप्प असा आवाज झाला. छताचा हातभर पोपडा तिच्या उशीवर पडला होता. उशीला मध्ये खड्डा पडला होता. ती परत पलंगाशी आली आणि उशीवरचा चुना बोटांनी झटकत राहिली. सतरा वर्षांच्या संसारात इन्तिसारला घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि त्यापुढे मला फर्गलींची भीती लहान वाटली.

"आता मी जाते वर," ती म्हणाली.

"तू नको. तो माणूस सुरी बाळगतो. मी आहे ना."

(हे कोण बोललं ते बघायला मी मागे वळणारच होतो.)

दर शुक्रवारी दुपारी फर्गली पतीपत्नी रशीद गावी लेकीकडे जात आणि संध्याकाळी परतत. माझ्याकडे त्यांच्या दाराची दुसरी किल्ली होती. वर जायचं, गळती कुठून होते ते बघायचं आणि परत यायचं, पाच मिनिटांचं काम. इन्तिसार स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मी तिला काही सांगितलं नाही. पायजमा आणि मोज्यांवर, पावलं न वाजवता, स्वतःच्याच घरात चोरासारखा चढलो.

न्हाणीघराला खिडकी नव्हती आणि दिवा लागेना. आत अंधारात नळ चालू होता. आणि त्या पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. काहीतरी हलत होतं. सळसळत होतं. थांबत होतं आणि पुन्हा सळसळत होतं.

त्याच वेळी मी परत फिरायला हवं होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं. मोजा ओल्या फरशीवरून सटकला, मी टबभोवतीच्या पडद्याला लोंबकळलो, पडदा दांडीसकट खाली आला आणि मी टबमध्ये बसलो.

टब रिकामा नव्हता. माझ्या मांड्यांखालून, पाठीमागून, पायजम्याच्या पायातून गार, बुळबुळीत, हातभर लांब काहीतरी सरकू लागलं. एक नव्हे, वीस-पंचवीस. ओरडायला तोंड उघडलं, पण खाली इन्तिसारला कळेल म्हणून मिटलं. साप, असं माझ्या मनात आलं. थोड्या वेळाने वासावरून कळलं की ते वाम मासे आहेत, जिवंत. त्यांना ताजं ठेवायला नळ रात्रंदिवस सुरू होता आणि टबवरून सांडलेलं पाणी भेगेतून सरळ माझ्या पलंगावर उतरत होतं.

कोडं सुटलं. मी उठणार, एवढ्यात बाहेरच्या दाराला किल्ली लागली.

"मोटार बंद पडायला आजचाच दिवस मिळाला," फर्गलींचा आवाज आला. भिंती हादरल्या.

शहाणा माणूस अशा वेळी बाहेर जाऊन दोन शब्द बोलला असता. मी न्हाणीघराला आतून कडी लावली आणि टबमध्ये परत जाऊन बसलो. (का बसलो ते आजही सांगता येत नाही. बहुधा जागा ओळखीची झाली होती.)

पावलं आली. दार ढकललं गेलं.

"बदरिया, तू आतून कडी लावलीस?"

"मी तुमच्या शेजारी उभी आहे."

एक वाम माझ्या बाहीत शिरला.

"कोण आहे आत?" फर्गली गरजले.

"कोणी नाही," मी म्हणालो.

मला वाटलं, आता दार तुटणार. मी डोळे मिटले, बाजारात मुंडकी उडालेली मासळी आठवली. दार तुटलं नाही. बाहेर कुजबुज सुरू झाली, आणि ती ऐकून मी डोळे उघडले.

"बदरिया, चोर आहे. खाली जा आणि मादाम इन्तिसारना बोलाव."

"तुमच्याकडे सुरी आहे की."

"सुरी माशांसाठी असते. माणसांची मला भीती वाटते. मादामना बोलाव."

एवढा धिप्पाड माणूस घाबरलाय म्हटल्यावर मला धीर यायला हवा होता. पण जिन्यावर इन्तिसारच्या सपातांचा आवाज आला, आणि माझी भीती, जी काठोकाठ भरली आहे असं मला वाटत होतं, ती काठावरून ओसंडली.

"कोण असशील तो बाहेर ये," इन्तिसार म्हणाली.

मी कडी काढली. पडद्याचा एक तुकडा खांद्यावर, पायजम्यातून पाणी गळतंय. मी हात वर केले तसा बाहीतला वाम फरशीवर पडला आणि फर्गलींच्या पायाकडे निघाला.

"उस्ताद?" फर्गली म्हणाले.

इन्तिसारने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टबकडे, मग नळाकडे. तिच्या हातात लाटणं होतं. ते तिने हळूच पाठीमागे घेतलं.

"मीच पाठवलं त्यांना, गळती बघायला," ती म्हणाली. (मी जन्मभर तिचा ऋणी आहे.) "हे काय आहे, मुअल्लिम?"

"वाम, मादाम. निवृत्तीनंतर घरूनच थोडे विकतो. जिवंत असले की गिऱ्हाईक खूश असतं, म्हणून म्हटलं..."

"नळ आत्ता बंद. उद्या दुपारपर्यंत टब रिकामा. सब्रीला मी घेऊन येते, भेग तुम्ही बुजवून घ्यायची."

"जी, मादाम."

"मंगळवारी छताचा पोपडा माझ्या उशीवर पडला. अर्धं मिनिट आधी मी तिथे झोपले होते."

फर्गलींचा चेहरा पांढरा झाला. बदरियाने इन्तिसारचे दोन्ही हात धरले.

"अल्लाने वाचवलं," फर्गली म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच साध्या माणसाचा वाटला. "पण मादाम, आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाम उचलून टबमध्ये ठेवू लागलो. तो तीनदा सुटला.

दुसऱ्या दिवशी टब रिकामा झाला. सब्री आला (इन्तिसारबरोबर यायला त्याला मुलींची लग्नं आडवी आली नाहीत), भेग बुजली, आणि आठवड्यात आमचं छत कोरडं झालं.

पुढच्या गुरुवारी फर्गली जिन्यात भेटले. मला बाजूला घेऊन ते पायरीवर बसले आणि त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात, म्हणजे फक्त आमच्याच गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "उस्ताद, मनाला लावून घेऊ नका. करारावर सही मादामची, भाडं त्या घेतात, सगळं मला कळतं. बायकोच्या माहेरच्या घरात राहायचं म्हणजे सोसावं लागतं. मीही सहा वर्षं घरजावई होतो."

घर माझ्या आईचं होतं, हे सांगायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी घसा खाकरला.

"ती सहा वर्षं तुम्ही काढलीत कशी, मुअल्लिम?" मी विचारलं.

"मान खाली घालून भाजी आणायची. दुसरा उपाय नाही."

मी मान डोलावली आणि घाईने उठलो, कारण बाजार उठायच्या आत इन्तिसारला कोवळी भेंडी हवी होती.